घरकुल ‘पूर्ण’ झाले, म्हणजे नेमके काय? ग्रामपंचायतीच्या यादीपासून दिल्लीच्या पडद्यापर्यंत

ग्रामीण भागात सरकारी साहाय्याने उभ्या राहणाऱ्या प्रत्येक घराला आज दोन प्रवास करावे लागतात. पहिला प्रवास जमिनीवरचा असतो: पाया, जोते, भिंती, छत. दुसरा संगणकावरचा असतो: नोंदणी क्रमांक, मंजुरी, हप्ता, छायाचित्र आणि अखेरीस ‘पूर्ण’ असा शेरा. हे दोन्ही प्रवास बरोबरीने झाले, तर कुटुंबाला पावसाळ्यापूर्वी छप्पर मिळते आणि सरकारी पैसा कारणी लागतो. त्यांत अंतर पडले, की अर्ध्या भिंतींचे घर पावसात भिजत राहते आणि अहवालातील टक्केवारी मात्र वाढत जाते.

हे अंतर कोण ओळखतो, कसे मोजतो आणि ते भरून काढण्यासाठी ग्रामपंचायतीच्या हाती काय असते, हा प्रश्न केवळ प्रशासकीय नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण या योजनेला मुदतवाढ देऊन २०२४-२५ ते २०२८-२९ या पाच वर्षांत आणखी २ कोटी घरे बांधण्यास मान्यता दिली. त्यासाठी केंद्र आणि राज्यांचा मिळून ३ लाख ६ हजार १३७ कोटी रुपयांचा खर्च अपेक्षित धरण्यात आला आहे. एवढ्या मोठ्या कार्यक्रमाची खरी नोंद अखेर गावाच्या पातळीवरच होते.

जबाबदारी कोणाची?

७३ व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून पंचायतराज संस्थांना घटनात्मक दर्जा मिळाला. या दुरुस्तीने राज्यघटनेत आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या २९ विषयांची यादी असून त्यातील दहावा विषय ‘ग्रामीण गृहनिर्माण’ हा आहे. मात्र हे विषय प्रत्यक्षात किती प्रमाणात पंचायतींकडे सोपवायचे, हे राज्ये ठरवितात. त्यामुळे देशातील अडीच लाखांहून अधिक ग्रामपंचायतींचे अधिकार सर्वत्र सारखे नाहीत.

केंद्राच्या योजनेत कामाची विभागणी साधारणपणे अशी आहे. यादी तपासण्याचे आणि प्राधान्य ठरविण्याचे काम ग्रामसभेचे. घराला मंजुरी देणे आणि हप्त्याचा आदेश काढणे हे तालुका किंवा गट पातळीचे. महाराष्ट्रात हे काम पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली चालते. जिल्हा पातळीवर जिल्हा परिषद आणि ग्रामीण विकास यंत्रणा आढावा घेतात, तर राज्य पातळीवरील कक्ष लक्ष्याचे वाटप आणि निधीचे नियोजन करतो. ग्रामपंचायत स्वतः पैसे वाटत नाही आणि बहुतेक ठिकाणी घरही बांधत नाही. घर लाभार्थी कुटुंबानेच बांधावे, ठेकेदार नेमू नये, हे या योजनेचे मूलभूत सूत्र आहे. मग ग्रामपंचायतीकडे उरते ते कुटुंबाला मदत करणे, जागेचा प्रश्न सोडविणे आणि प्रगतीवर लक्ष ठेवणे. हे काम कागदावर लहान दिसते, पण घर वेळेत उभे राहते की नाही, हे बहुधा त्यावरच ठरते.

आधीच्या योजनेने काय शिकविले?

ग्रामीण घरकुलांसाठीची इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये रोजगार कार्यक्रमाचा भाग म्हणून सुरू झाली आणि १ जानेवारी १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली. तिच्यातून देशभर लाखो घरे झाली, परंतु तपासणीची बाजू कच्ची राहिली. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१४ मध्ये या योजनेच्या कामगिरीचे परीक्षण केले. लाभार्थी निवडीतील अपारदर्शकता, घरांचा निकृष्ट दर्जा, तांत्रिक देखरेखीचा अभाव, अन्य योजनांशी समन्वय नसणे आणि संनियंत्रणाची दुबळी व्यवस्था या त्रुटी त्यावेळी पुढे आल्या. घरांची नेमकी टंचाई किती, याचेही मूल्यमापन झालेले नव्हते.

याच पार्श्वभूमीवर योजनेची फेररचना झाली. १ एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या आणि २० नोव्हेंबर २०१६ रोजी आग्रा येथे औपचारिक प्रारंभ झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घराचे किमान क्षेत्रफळ २० वरून २५ चौरस मीटर करण्यात आले. त्यात स्वयंपाकासाठीची स्वतंत्र जागा धरलेली आहे. सपाट प्रदेशातील साहाय्य ७० हजारांवरून १ लाख २० हजार रुपये आणि डोंगराळ तसेच दुर्गम भागांतील साहाय्य ७५ हजारांवरून १ लाख ३० हजार रुपये झाले. सपाट प्रदेशातील राज्यांत हा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात, तर ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांत ९०:१० या प्रमाणात उचलतात. संनियंत्रणाच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल म्हणजे कोणताही व्यवहार ‘आवाससॉफ्ट’ या संगणकप्रणालीबाहेर होऊ नये, अशी रचना करण्यात आली.

पहिली नोंद विटेपूर्वीची

घरकुलाचा मागोवा पाया खोदल्यावर सुरू होतो, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक तो यादीपासून सुरू होतो. २०१६ मध्ये लाभार्थी निवडीसाठी दारिद्र्यरेषेची यादी बाजूला ठेवून २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेचा आधार घेण्यात आला. बेघर कुटुंबे आणि कच्च्या भिंती व कच्चे छप्पर असलेल्या एक किंवा दोन खोल्यांत राहणारी कुटुंबे यांची यादी प्रणालीने तयार केली. ती ग्रामसभेपुढे वाचून मृत, स्थलांतरित, पक्के घर झालेली किंवा अपात्र कुटुंबे वगळण्यात आली. नाव वगळले गेल्यास जिल्हास्तरीय अपील समितीकडे दाद मागण्याची सोय ठेवण्यात आली. या प्रक्रियेतून जी ‘कायम प्रतीक्षा यादी’ तयार झाली, तीच पुढील प्रत्येक लक्ष्याचा आधार ठरली.

जनगणनेत सुटून गेलेल्या कुटुंबांसाठी जानेवारी २०१८ ते मार्च २०१९ या काळात ‘आवास प्लस’ सर्वेक्षण झाले. महाराष्ट्रातील गावांत या दोन याद्या अनुक्रमे ‘प्रपत्र ब’ आणि ‘प्रपत्र ड’ या नावांनी ओळखल्या जातात. ग्रामपंचायत कार्यालयात ‘माझे नाव ड यादीत आहे का?’ अशी विचारणा होते, त्यामागे हा इतिहास आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या सर्वेक्षणासाठी ‘आवास प्लस २०२४’ हे मोबाइल अ‍ॅप सुरू करण्यात आले. त्यात चेहऱ्याच्या आधारे ओळख पटविण्याची सोय असून कुटुंबाला स्वतःही आपली माहिती भरता येते. याच टप्प्यावर अपात्रतेचे निकष १३ वरून १० वर आणण्यात आले. दुचाकी, मासेमारीची बोट, फ्रिज आणि दूरध्वनी जोडणी असल्यामुळे आता कुटुंब आपोआप अपात्र ठरत नाही. कुटुंबातील सदस्याच्या मासिक उत्पन्नाची मर्यादाही १० हजारांवरून १५ हजार रुपये करण्यात आली. मजुरीसाठी दररोज १५-२० किलोमीटर जाणाऱ्या कुटुंबाकडील जुनी दुचाकी श्रीमंतीचे लक्षण मानली जात होती, ती अडचण या बदलाने दूर झाली.

छायाचित्राशिवाय हप्ता नाही

नाव यादीत आले आणि गावाला लक्ष्य मिळाले, की नोंदीची साखळी सुरू होते. लाभार्थ्याचे बँक खाते आणि आधार क्रमांक पडताळला जातो. तो सध्या राहत असलेल्या कच्च्या घराचे आणि नव्या घराच्या प्रस्तावित जागेचे छायाचित्र ‘आवास अ‍ॅप’मधून घेतले जाते. या छायाचित्रावर तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश आपोआप उमटतात. त्यानंतर मंजुरी आदेश निघतो. घर शक्यतो कुटुंबातील महिलेच्या नावे किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे मंजूर केले जाते. मंजुरीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत पहिला हप्ता खात्यात जमा व्हावा आणि १२ महिन्यांत घर पूर्ण व्हावे, असे मार्गदर्शक सूचना सांगतात.

पुढील प्रत्येक हप्ता बांधकामाच्या टप्प्याशी बांधलेला आहे. पाया, जोते, खिडकीची पातळी, लिंटेल, छत आणि पूर्णत्व हे टप्पे त्यासाठी मानले जातात. हप्त्यांची संख्या आणि रक्कम राज्ये ठरवितात. किमान तीन हप्ते असावेत, एवढे केंद्राचे बंधन आहे. महाराष्ट्रात पहिला हप्ता १५ हजार रुपयांचा आहे. टप्पा गाठला गेला, की अभियंता किंवा गावपातळीवरील कर्मचारी जागेवर जाऊन छायाचित्र घेतो, ते प्रणालीत चढविले जाते आणि पडताळणीनंतर निधी हस्तांतरणाचा आदेश तयार होतो. त्यावर दोन अधिकाऱ्यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या झाल्यावर सार्वजनिक वित्त व्यवस्थापन प्रणालीद्वारे रक्कम थेट खात्यात पोहोचते.

या साखळीमुळे एक मोठा बदल झाला. पूर्वी हप्ता कोणाच्या हातून मिळतो, हा प्रश्न होता. आता हप्ता कोणत्या पायरीवर अडला आहे, हे कोणालाही पाहता येते. मात्र त्याचबरोबर छायाचित्र काढणारी व्यक्ती या साखळीतील सर्वांत महत्त्वाचा दुवा बनली. महाराष्ट्रात ही जबाबदारी प्रामुख्याने ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्यावर असते. एका अभियंत्याकडे अनेक गावे असतात. तो वेळेत पोहोचला नाही, तर जोते तयार असूनही दुसरा हप्ता मिळत नाही. दुसरा हप्ता नाही म्हणून सिमेंट नाही, आणि सिमेंट नाही म्हणून गवंडी दुसऱ्या कामावर निघून जातो.

टक्केवारी वाचायची कशी?

ग्रामपंचायतीला प्रणालीतून अनेक अहवाल मिळतात, परंतु ते वाचण्याची पद्धत महत्त्वाची ठरते. स्पष्टीकरणासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका गावाला ४० घरकुलांचे लक्ष्य मिळाले. त्यातील ३६ घरांना मंजुरी मिळाली. ३४ कुटुंबांच्या खात्यात पहिला हप्ता जमा झाला. २५ घरे जोत्यापर्यंत आली आणि १८ पूर्ण झाली.

या गावाची कामगिरी किती? मंजूर घरांच्या तुलनेत ५० टक्के, मूळ लक्ष्याच्या तुलनेत ४५ टक्के आणि जोत्यापर्यंत पोहोचलेल्या घरांच्या तुलनेत ७२ टक्के. तिन्ही आकडे खरे आहेत. आढावा बैठकीत कोणता आकडा सांगितला जातो, त्यावर चित्र बदलते.

ग्रामपंचायतीच्या दृष्टीने टक्केवारीपेक्षा उरलेल्या २२ घरांचे विभाजन उपयोगी असते. चार घरांना मंजुरीच नाही, कारण बहुधा जागा नाही किंवा कागदपत्रे अपुरी आहेत. दोन कुटुंबांचा हप्ता बँक खाते किंवा आधार जोडणीत अडकला आहे. नऊ कुटुंबांनी पहिला हप्ता घेतला, पण काम जोत्यापर्यंत आले नाही. सात घरे जोते आणि छत यांच्यामध्ये थांबली आहेत. या चार गटांवरील उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. पहिल्यासाठी गावठाणातील जागा शोधावी लागेल. दुसऱ्यासाठी बँकेत सोबत जावे लागेल. तिसऱ्यासाठी कुटुंब स्थलांतरित झाले आहे का, घरात कोणी आजारी आहे का, पैसा अन्य निकडीला खर्च झाला का, याची चौकशी करावी लागेल. चौथ्यासाठी अभियंत्याला बोलावून पुढचा हप्ता सोडवावा लागेल. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याने दर महिन्याच्या सभेत हा तक्ता नावानिशी मांडला, तर संनियंत्रण केवळ वरून येणाऱ्या विचारणेला उत्तर देण्यापुरते राहत नाही.

पडद्यावर न दिसणारे

प्रणाली टप्पा नोंदविते, दर्जा नाही. छताचे छायाचित्र पाहून त्यात सळई किती वापरली, भिंतींवर पाणी किती दिवस मारले, हे कळत नाही. म्हणूनच मार्गदर्शक सूचनांनुसार तालुका पातळीवरील अधिकाऱ्यांनी प्रत्येक टप्प्यावरील शक्यतो १० टक्के आणि जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांनी २ टक्के घरांची प्रत्यक्ष पाहणी करणे अपेक्षित आहे. दर्जासाठी गवंड्यांना ४५ दिवसांचे प्रत्यक्ष बांधकामावरील प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रमही योजनेशी जोडण्यात आला.

दुसरी अदृश्य बाब खर्चाची. १ लाख २० हजार रुपयांचे मूळ साहाय्य २०१६ मध्ये ठरले. त्याला शौचालयासाठीचे १२ हजार रुपये आणि रोजगार हमीतून सपाट प्रदेशात ९० दिवसांची मजुरी यांची जोड देण्यात आली. महाराष्ट्रासाठीच्या २०२५-२६ मधील ३१२ रुपये प्रतिदिन या दराने ही मजुरी २८ हजार ८० रुपये होते. म्हणजे तिन्ही मिळून सुमारे १ लाख ६० हजार रुपये. या रकमेत २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे पक्के घर उभे करावयाचे असते. वाढलेल्या बांधकाम खर्चातील उरलेला भाग कुटुंबाला उसनवारी, कर्ज किंवा स्वतःच्या श्रमांतून भरावा लागतो. योजनेत ७० हजार रुपयांपर्यंत बँक कर्जाची तरतूद आहे, परंतु तारण आणि नियमित उत्पन्न नसलेल्या कुटुंबाला ते मिळविणे सोपे नसते. लिंटेलपर्यंत येऊन थांबलेल्या घराची नोंद ‘विलंबित’ अशी होते. त्यामागे सावकाराचे व्याज आहे की लाभार्थ्याचा निष्काळजीपणा, हे त्या नोंदीतून समजत नाही.

तिसरी बाब जागेची. भूमिहीन कुटुंबाचे नाव यादीत वर असले, तरी जागेअभावी त्याची पाळी पुढे ढकलली जाते. अशा कुटुंबांना जागा मिळवून देण्याची जबाबदारी राज्याची आहे. महाराष्ट्रात पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजनेतून त्यासाठी मदत दिली जाते. सुरुवातीला ५० हजार रुपयांपर्यंत असलेली ही मदत नंतर १ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. त्यासाठी जागा शोधणे, गावठाणातील अतिक्रमण नियमित करण्याचा प्रस्ताव पाठविणे, उताऱ्यातील नोंद दुरुस्त करणे ही कामे ग्रामपंचायतीच्या पुढाकाराविना पुढे सरकत नाहीत.

चौथी आणि सर्वांत नाजूक बाब म्हणजे ‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थ. प्रणालीच्या लेखी अखेरचे छायाचित्र चढले आणि शेवटचा हप्ता गेला, की घर पूर्ण होते. कुटुंबाच्या लेखी दार-खिडक्या बसल्या, वीज आली, पाणी जवळ आले आणि संसार आत गेला, की ते पूर्ण होते. या दोन व्याख्यांमधील अंतर मोजणारा रकाना कोणत्याही ठळक अहवालात दिसत नाही. तो ग्रामसभेलाच भरावा लागतो.

ग्रामसभा आणि सामाजिक अंकेक्षण

यासाठीच प्रत्येक ग्रामपंचायतीत वर्षातून किमान एकदा सामाजिक अंकेक्षण व्हावे, असे योजनेत म्हटले आहे. यात अंकेक्षण करणारे कार्यकर्ते प्रणालीतील नोंदी छापून गावात आणतात, घरोघरी जाऊन त्या ताडून पाहतात आणि निष्कर्ष ग्रामसभेत सर्वांसमोर वाचून दाखवितात. कागदावर पूर्ण दिसणारे घर अपुरे आहे का, हप्ता काढून देण्यासाठी कोणी पैसे मागितले का, एकाच्या जागेवर दुसऱ्याचे छायाचित्र चढविले गेले का, हे प्रश्न उघडपणे विचारण्याची ती जागा आहे. रोजगार हमीच्या कामांचे अंकेक्षण करण्यासाठी राज्यांत उभारलेल्या यंत्रणांचाच उपयोग यासाठी केला जातो. मेघालयाने २०१७ मध्ये सामाजिक अंकेक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. असे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले.

या प्रक्रियेचे यश ग्रामसभेच्या उपस्थितीवर अवलंबून असते. महाराष्ट्रात कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणसंख्येसाठी घरोघरी फिरवून घेतलेल्या सह्यांवर ग्रामसभा पार पडली, तर यादीची छाननी आणि अंकेक्षण या दोन्हींचा आधारच निसटतो. खासदारांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा विकास समन्वय व संनियंत्रण समिती, अर्थात ‘दिशा’, आणि केंद्राचे राष्ट्रीय स्तरावरील निरीक्षक वरच्या पातळीवर पाहणी करतात. परंतु शेजारच्या घराची स्थिती शेजाऱ्याइतकी कोणत्याही निरीक्षकाला ठाऊक नसते.

राज्यागणिक वेगळे चित्र

केरळमध्ये ‘लाइफ’ मिशनअंतर्गत घरासाठी ४ लाख रुपये दिले जातात आणि त्यात स्थानिक स्वराज्य संस्थांचा वाटा तसेच त्यांची अंमलबजावणी केंद्रस्थानी असते. ग्रामीण भागातील पात्र घराला केंद्राकडून मिळणारे ७२ हजार रुपये त्याचा एक भाग असतात. पंचायतीचा स्वतःचा पैसा गुंतलेला असल्याने प्रगतीवरील लक्षही तिचे स्वतःचे असते. तेलंगणात ‘इंदिरम्मा’ घरांसाठी ५ लाख रुपयांचे साहाय्य टप्प्याटप्प्याने दिले जाते. कर्नाटकात २००० मध्ये स्थापन झालेले राजीव गांधी ग्रामीण गृहनिर्माण महामंडळ राज्याच्या योजनांची नोंद स्वतःच्या प्रणालीत ठेवते. त्यामुळे बेळगाव परिसरातील मराठी कुटुंबाला आपल्या घराची स्थिती कोणत्या योजनेतील आहे, हे आधी पाहावे लागते.

नोंद कितीही चोख असली, तरी निधी थांबला तर घर थांबते, याचीही उदाहरणे आहेत. २०२१ मध्ये राज्याचा हिस्सा न मिळाल्याच्या कारणावरून केंद्राने छत्तीसगडचे सुमारे ७ लाख ८० हजार घरांचे लक्ष्य मागे घेतले. पश्चिम बंगालमध्ये लाभार्थी याद्यांवरून वाद झाला आणि २०२२ नंतर केंद्राचा निधी थांबला. पुढे राज्याने डिसेंबर २०२४ मध्ये ‘बांगलार बाडी’ या नावाने स्वतःच्या निधीतून पहिला हप्ता वाटण्यास प्रारंभ केला. दोन्ही ठिकाणी प्रतीक्षा यादीतील कुटुंबे ग्रामपंचायतीच्या दारात उत्तर मागण्यासाठी येत राहिली. त्या दाराशी मात्र उत्तर नव्हते.

महाराष्ट्रासमोरचे आव्हान संख्येचे आहे. वाढीव लक्ष्यानंतर राज्यातील सुमारे २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रे देण्याचा कार्यक्रम २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात झाला आणि त्यातील सुमारे १० लाख कुटुंबांना पहिला हप्ता देण्यात आला. याशिवाय रमाई आवास, शबरी आदिवासी घरकुल आणि इतर मागास प्रवर्गासाठीची मोदी आवास या राज्याच्या योजना आहेतच. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम जनमन’ अभियानातून कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या आदिम जमातींच्या कुटुंबांनाही घरे दिली जात आहेत. एकाच गावात तीन-चार योजनांची घरे एकाच वेळी सुरू असतात. गवंडी तेच, वाळूचा घाट तोच आणि अभियंताही बहुधा तोच. अशा वेळी योजनानिहाय अहवालांपेक्षा गावनिहाय एकत्रित नोंद अधिक उपयोगी ठरते. ती ठेवण्याची सोयीची जागा ग्रामपंचायत हीच आहे.

नागरिक काय पाहू शकतात?

घरकुलाची माहिती केवळ कार्यालयापुरती मर्यादित नाही. नोंदणी क्रमांक टाकून योजनेच्या संकेतस्थळावर लाभार्थ्याला आपली मंजुरी, जमा झालेले हप्ते आणि टप्पा पाहता येतो. गावाची कायम प्रतीक्षा यादी आणि मंजूर घरांची यादी सर्वांसाठी खुली आहे. ग्रामसभेत जाण्यापूर्वी चार गोष्टी ताडून पाहाव्यात. यादीतील क्रम ओलांडून कोणाला मंजुरी मिळाली आहे का? मंजुरी आणि पहिला हप्ता यांत किती दिवस गेले? पूर्ण दाखविलेल्या घरात कुटुंब राहते का? विलंबित घरांची कारणे सभेच्या इतिवृत्तात नोंदविली आहेत का? तक्रार असल्यास ती लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तक्रारीचे निवारण १५ दिवसांत होणे अपेक्षित आहे. माहितीच्या अधिकाराचा मार्गही उपलब्ध आहे.

ग्रामपंचायतीसाठी शेवटची नोंद मात्र संगणकावरची नसते. घर उभे राहिल्यावर त्याची नोंद आकारणी नोंदवहीत, म्हणजे ‘नमुना ८’ मध्ये, व्हावी लागते. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेत गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. त्यामुळे या नोंदीचे महत्त्व वाढले आहे. घरावर ज्या महिलेच्या नावे मंजुरी मिळाली, तिचेच नाव उताऱ्यावर लागले का, हा प्रश्न प्रगती अहवालात विचारला जात नाही. तो तिने किंवा तिच्यासाठी ग्रामसभेने विचारावा लागतो.

ऑगस्ट २०२४ च्या प्रारंभी, म्हणजे नवे लक्ष्य जाहीर होण्याच्या वेळी, योजनेच्या २ कोटी ९५ लाखांच्या आधीच्या लक्ष्यापैकी २ कोटी ९४ लाख घरांना मंजुरी मिळाली होती आणि २ कोटी ६४ लाख घरे पूर्ण झाली होती. उरलेल्या सुमारे ३० लाख मंजूर घरांचे प्रत्येकाचे कारण वेगळे होते. दिल्लीच्या पडद्यावर ती एक संख्या असते. गावात त्यातील प्रत्येक घराला नाव, जागा आणि थांबलेल्या भिंतीची उंची असते. पुढील २ कोटी घरांच्या बाबतीत हे तपशील ग्रामसभेच्या इतिवृत्तात वेळेवर नोंदविले गेले, तरच पडद्यावरील ‘पूर्ण’ आणि उंबऱ्यावरील ‘पूर्ण’ यांचा अर्थ एक राहील.